वाचक विचारतात : चौकट, तळं, साचा आणि धनेश

या खेपेला पत्रं येळ्ळूरपासून अथणीपर्यंत आणि उद्यमबागेपासून निपाणीपर्यंत सगळीकडून आली आहेत. विषयांचा एकमेकांशी संबंध नाही. भात, पाणी, बिडाचं ओतकाम, प्लेग, पक्षी, भाषा. तक्रार मात्र बहुतेकांची सारखीच : गणित बरोबर केलं, तरी उत्तर जमिनीवर उतरत नाही. म्हणून उत्तरं देताना सूत्राआधी नोंद कशी घेतली ते पाहिलं आहे. पत्रं जागेअभावी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : प्रकल्पासाठी भाताचा उतारा काढताना आम्ही १ × १ मीटरची लोखंडी चौकट एकाच शेतात ३० ठिकाणी टाकली. शेजारच्या गटानं ५ × ५ मीटरचा एकच तुकडा कापला. आमचा उतारा त्यांच्यापेक्षा १८ टक्के जास्त आला. मार्गदर्शक म्हणतात, त्यांचा आकडा घ्या. आमच्या ३० नोंदी सोडून त्यांच्या एका नोंदीवर विश्वास का ठेवायचा?
— कृषी पदवीचा विद्यार्थी, येळ्ळूर

उत्तर : ३० नोंदींनी शेतातला चढ-उतार सरासरीत जिरतो, हे खरं. पण प्रत्येक नोंदीतली चूक एकाच बाजूला झुकत असेल, तर ३०० चौकटी टाकल्या तरी ती जिरत नाही.

चौकट भातात टाकली की काठावरची चूड (रोपांचा झुबका) आत धरायची की बाहेर, हा प्रश्न चारही बाजूंना पडतो. विळा हातात असलेला माणूस ती आत ओढतो. यात लबाडी नसते, भरलेली लोंबी बाहेर सोडवत नाही एवढंच. प्रत्येक बाजूला ५ सेंटिमीटर जास्त आत आले असं धरा. तुमची चौकट १.१० × १.१० झाली, म्हणजे १.२१ चौरस मीटर. भात २१ टक्के जास्त कापलं गेलं आणि भागलं मात्र १ नं. मोठ्या तुकड्यात तेच ५ सेंटिमीटर धरले तर ५.१० × ५.१० म्हणजे २६.०१. चूक ४ टक्के. १.२१ ला १.०४ नं भागा, १६ टक्के फरक येतो. तुमच्या १८ पैकी बहुतेक हिशेब इथेच लागला.

हा शोध जुना आहे आणि आपल्याच मुलखातल्या माणसाचा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात कापणी प्रयोगांवरून दाखवून दिलं की तुकडा लहान केला की उतारा फुगतो. दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या पाहण्यांत लहान तुकडे वापरले जात, आणि त्यावरून दोघांमध्ये चांगलीच जुंपली होती.

पुढच्या सुगीला असं करा. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहून लांबी आणि रुंदी मोजा. दोन्हींतून ५ मीटर वजा करून येणाऱ्या आकड्यांच्या आतले दोन यादृच्छिक आकडे काढा. तेवढे मीटर लांबीला आणि तेवढे रुंदीला चालत जा. तुम्ही थांबाल तो तुकड्याचा पहिला कोपरा. तिथे पीक पडलेलं असो की उंदरांनी खाल्लेलं, जागा बदलायची नाही. चौकट “जरा बरी जागा बघून” टाकली तर पुढचं सगळं संख्याशास्त्र फुकट. दोरी ताणल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ७.०७ मीटर आले पाहिजेत. बाजू ५ चीच राहून एक कर्ण ८ आणि दुसरा ६ आला, तर क्षेत्र २५ चं २४ झालंय आणि उतारा ४ टक्क्यांनी बुडालाय. काठावर चुडीचं बूड बघा, लोंबी कुठे झुकली ते नको. बूड नेमकं दोरीखाली आलं तर लगतच्या दोन बाजूंवरचं आत धरा, उरलेल्या दोन बाजूंवरचं सोडून द्या. हा नियम विळा चालवायच्या आधी वहीत लिहून ठेवा, नंतर नको.

ओलाव्याचंही बघा. २२ टक्के ओलाव्याचं १० किलो भात १४ टक्क्यांवर आणलं की १० × ७८ ÷ ८६ म्हणजे ९.०७ किलो उरतं. एका गटानं मळणीच्या दिवशी वजन केलं आणि दुसऱ्यानं दोन दिवस उन्हात घालून केलं, तर तुलना तिथेच संपते.

शेजारचा गटही सगळा बरोबर नाही. एका तुकड्यावरून शेतातला चढ-उतार कळत नाही. त्यांनी निदान दोन तुकडे घ्यायला हवे होते.

प्रश्न : दोन एकर रानाचं पाणी घेईल असं शेततळं काढलं आहे, सरकारी कागदावर त्याला कृषी होंड म्हणतात. वर १२ × १२ मीटर, तळाशी ६ × ६, खोली ३ मीटर. कर्व्ह नंबर (जमिनीवरून पाणी किती वाहतं ते सांगणारा आकडा) ८० धरून वाहत्या पाण्याच्या सूत्रात महिन्याचा १२० मिलिमीटर पाऊस घातला. हिशेबानं तळं दोनदा भरायला हवं होतं, ते निम्मंही भरलं नाही. आमच्या काळ्या मातीला हे सूत्र लागू नाही काय?
— शेतकरी, अथणी तालुका

उत्तर : सूत्र लागू आहे. महिन्याचा पाऊस एका दमात घातलात, तिथे बिघडलं.

हे सूत्र अमेरिकेच्या मृदसंधारण खात्यानं १९५० च्या दशकात एका सरीसाठी, फार तर एका दिवसासाठी बांधलं. कर्व्ह नंबर ८० असेल तर जमिनीची साठवण २५४०० ÷ ८० − २५४ म्हणजे ६३.५ मिलिमीटर. तिचा पाचवा भाग, १२.७ मिलिमीटर, सुरुवातीला जमीन पिऊन टाकते. त्याच्या आतला पाऊस तळ्याकडे फिरकतही नाही. वरच्या पावसासाठी (पाऊस − १२.७) चा वर्ग करायचा आणि त्याला (पाऊस + ५०.८) नं भागायचं. वर्ग आहे हे ध्यानात घ्या. पाऊस दुप्पट झाला की वाहणारं पाणी दुपटीपेक्षा बरंच जास्त वाढतं.

१२० एकदम घातलं की ६७ मिलिमीटर वाहून येतं. तोच पाऊस ८ दिवसांत ४५, २५, १५, १०, १०, ६, ५ आणि ४ असा पडला समजा. ४५ च्या दिवशी १०.९ येतं, २५ च्या दिवशी २, १५ च्या दिवशी ०.१ पेक्षाही कमी, बाकीच्या पाच दिवशी शून्य. एकूण १३. पाचपटीचा फरक. दोन एकर म्हणजे ०.८ हेक्टर, आणि एका हेक्टरवरचं १ मिलिमीटर म्हणजे १० घनमीटर. तुमच्या हिशेबानं ५३९ घनमीटर यायला हवं होतं, रोजच्या हिशेबानं येतं १०४. तळ्यात मावतं २५२. “निम्मंही नाही” हे तुम्ही नुसतं डोळ्यांनी बघून लिहिलंत, ते आकड्याशी बरोबर जमतं.

काळ्या मातीचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पाचव्या भागाऐवजी काळ्या, ओल धरलेल्या जमिनीला आपल्याकडे दहावा भाग धरतात. तसं केलं तर ४५ मिलिमीटरच्या दिवशी १०.९ ऐवजी १४.६ येतं. पण त्याहून मोठा खेळ आधीच्या पाच दिवसांच्या पावसाचा आहे. पीक उभं असताना त्या पाच दिवसांत ३६ मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झाला असेल तर जमीन कोरडी धरायची, ५३ पेक्षा जास्त झाला असेल तर ओली. कर्व्ह नंबर ८० चा कोरड्यात ६४ होतो आणि ओल्यात ९०. तोच ४५ मिलिमीटरचा पाऊस कोरड्या रानातून दीड-पावणेदोन मिलिमीटर देतो, ओल्या रानातून तेवीस-साडेतेवीस. जूनचा पहिला जोरदार पाऊस तळ्यात का दिसत नाही आणि सप्टेंबरचा तसाच पाऊस का दिसतो, त्याचं कारण हे.

पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला वाचतात आणि आकडा त्या तारखेला लिहितात. रात्रभर पडून सकाळी नऊपर्यंत चाललेली एक सर वहीत दोन दिवसांत फुटते आणि वाहणारं पाणी कमी दिसतं. अशा लागोपाठच्या नोंदी शंका आली की जोडून बघा. आणि घाटमाथ्यावरच्या कणकुंबीचा आकडा अथणीला कधी लावू नका. एकाच जिल्ह्यातले असले तरी तिथल्या पावसाच्या पासंगालाही आपला पाऊस पुरत नाही.

प्रश्न : विहिरीच्या पातळीच्या तीन वर्षांच्या, महिन्याला एक अशा नोंदी आहेत. न्यूरल नेटवर्कनं पुढच्या वर्षाचा अंदाज काढता येईल का?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, चिक्कोडी

उत्तर : नाही. नोंदी ३६, त्यातला पावसाळा तीनदाच आलेला. म्हणजे खऱ्या अर्थानं नोंदी तीन. आधी “पुढच्या मेची पातळी गेल्या मेएवढी” हा बिनडोक अंदाज काढून त्याची चूक मोजा. कुठलीही पद्धत यापेक्षा बरी चालत नसेल तर ती प्रबंधात घालू नका.

प्रश्न : एसजी आयर्नच्या (आत ग्रॅफाइटचे गोळे असलेल्या बिडाच्या) ब्रॅकेटचं संगणकावर सिम्युलेशन केलं. रायझर (वितळलेल्या धातूचा जादा साठा) नीट बसवल्यावर श्रिंकेज, म्हणजे आकसण्यानं पडणारी पोकळी, कुठेच दिसत नाही. प्रत्यक्षात मशीनिंग झाल्यावर फ्लँजच्या मुळाशी छिद्रं उघडी पडतात, तीही प्रत्येक पीसमध्ये नाही. साचा ग्रीन सँडचा, म्हणजे ओलसर वाळूचा. सॉफ्टवेअर बदलावं का?
— फाउंड्रीतला मेथड इंजिनिअर, उद्यमबाग

उत्तर : सॉफ्टवेअर राहू द्या. आधी एक खराब पीस करवतीनं छिद्रातून कापा आणि भिंगाखाली धरा. आतली भिंत खडबडीत, झाडाच्या फांद्यांसारखे फाटे फुटलेली असेल तर ते श्रिंकेज. गुळगुळीत, चकचकीत, गोलसर असेल तर तो वायू. वाळूतल्या ओलीचा, कोअरच्या बाइंडरचा. वायू निघाला तर तुमचं सिम्युलेशन निर्दोष आहे, फक्त दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतंय. घट्ट होण्याचं गणित करणाऱ्या प्रोग्रामला ब्लो होल दिसणार कसं? ही दहा मिनिटांची कापाकापी न करता लोक महिनाभर रायझर हलवत बसतात. पडद्यावरचं रंगीत चित्र पाहून साहेब खूश होतात. कास्टिंग होत नाही.

श्रिंकेजच निघालं असं धरून पुढे जाऊ. सगळ्याच्या मुळाशी चोरिनोव्ह यांचा १९४० चा नियम आहे : धातू घट्ट व्हायला लागणारा वेळ हा घनफळ भागिले पृष्ठफळ या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. या गुणोत्तराला मॉड्युलस म्हणतात. १०० मिलिमीटरच्या घनाचा मॉड्युलस १६.७, १०० × १०० × २० च्या पाटीचा ७.१. मॉड्युलस २.३ पट, वेळ साडेपाच पट. म्हणून फ्लँज आणि वेब जिथे मिळतात तो सांधा शेवटी घट्ट होतो. तुमची छिद्रंही तिथेच आहेत. २० मिलिमीटर जाडीच्या रुंद फ्लँजचा मॉड्युलस साधारण १०. रायझरचा त्याच्या १.२ पट हवा, म्हणजे १२. उंची आणि व्यास सारखा असलेल्या, बुडाशी कास्टिंगला टेकलेल्या रायझरचा मॉड्युलस व्यासाचा पाचवा भाग असतो, म्हणजे व्यास ६० मिलिमीटर. कागदावरचा एवढा हिशेब सॉफ्टवेअरच्या उत्तराशी ढोबळ मानानंही जुळत नसेल, तर माहिती भरण्यात चूक आहे.

स्टीलपुरतं इथे भागतं. एसजी आयर्नची गोष्ट वेगळी. घट्ट होताना त्यातून ग्रॅफाइट सुटतं आणि फुगतं. हे फुगणं आकसण्याची भरपाई करतं, पण साचा घट्ट असेल तरच. साचा मऊ असला की त्या दाबानं भिंत मागे सरकते, पोकळी मोठी होते आणि भरपाईला आलेलं बीड तिथेच संपतं. आत छिद्रं राहतात. बहुतेक सिम्युलेशनांत साचा मुळात हलतच नाही असं गृहीत धरलेलं असतं. “प्रत्येक पीसमध्ये नाही” या तुमच्या तीन शब्दांत त्याचा माग आहे. डिझाइन चुकलं असतं तर छिद्रं सगळ्याच पीसमध्ये दिसली असती. काही पीसच खराब होतात म्हणजे मजल्यावर काहीतरी साच्यागणिक बदलतंय.

ते काय, हे शोधायला पुढच्या ४० साच्यांचा तक्ता करा. प्रत्येक साच्यावर नंबर टाका. फ्लँजच्या बाजूला तीन ठिकाणी बी-स्केलवर हार्डनेस घ्या. मशीनवर बनवलेल्या ग्रीन सँडच्या साच्याला तो ८५ ते ९० च्या आसपास हवा. लॅडलमधला हा कितवा साचा, ओतताना तापमान किती आणि मॅग्नेशियम ट्रीटमेंटनंतर किती मिनिटं झाली, ते लिहा. ट्रीटमेंटनंतर वेळ गेला की मॅग्नेशियम उतरतं, इनॉक्युलेशनचा परिणामही ओसरतो आणि ग्रॅफाइट हवं तसं, हवं तेव्हा सुटत नाही. तक्त्यात सिम्युलेशनचं काहीच नाही. मॉडेलला जे माहीत नाही तेच यात नोंदायचंय. जाडी वाजवीपेक्षा वाढलीय का हेही कॅलिपरनं बघा. खराब पीस थोडे फुगलेले निघाले तर भिंत सरकल्याचा पुरावाच मिळाला.

सॉफ्टवेअरकडेही एक नजर टाका. गणितासाठी सॉफ्टवेअर तुकड्याची छोटी घरं पाडतं. सगळ्यात पातळ भिंतीत अशी निदान तीन-चार घरं बसली पाहिजेत. ६ मिलिमीटरच्या भिंतीला ४ चं घर दिलं तर ती भिंत लवकर थंड होते की उशिरा, ते नशिबावर. वाळूचे गुणधर्म लायब्ररीतून उचलले असतील तर एक साचा बळी द्या. पोकळीपासून ५ आणि १० मिलिमीटरवर वाळूत के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) पुरा, ओता, आलेख घ्या. धातूत मात्र के-टाइप घालू नका, ओतायच्या तापमानाला ते टिकत नाही. वाळूतला आलेख जुळेपर्यंत साच्याची उष्णतावाहकता बदला, बाकी कशाला हात लावू नका. मग दुसऱ्याच एखाद्या कास्टिंगचा आलेख ओतण्याआधी काढून वहीत चिकटवा आणि नंतर ओता. एकाच पीसवर जुळवलेलं मॉडेल त्याच पीसवर बरोबर येणारच. त्यात कौतुक काय!

प्रश्न : वर्गात एसआयआर मॉडेल (लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि त्यातून बाहेर पडलेले असे माणसांचे तीन गट धरणारं साथीचं गणित) शिकवताना मुंबईच्या प्लेगचा आलेख दाखवतो. इतका सुबक जुळलेला आलेख दुसरा नाही. पण एका विद्यार्थ्यानं विचारलं, “सर, प्लेग माणसाकडून माणसाला होतो का?” मी अडखळलो. काय सांगावं?
— गणिताचे प्राध्यापक, बेळगाव

उत्तर : त्या विद्यार्थ्याला शाबासकी द्या. त्यानं नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं आहे.

केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ च्या लेखात मुंबई बेटावरच्या डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातल्या साप्ताहिक मृत्यूंवर हा आलेख बसवला. सूत्र असं : आठवड्याचे मृत्यू बरोबर ८९० गुणिले (०.२ ट − ३.४) च्या सेक-एचचा (हायपरबोलिक सीकंटचा) वर्ग, ट म्हणजे आठवडे. शिखर सतराव्या आठवड्यात येतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण साडेचार आठवड्यांवर आकडा निम्मा होतो. बिंदू रेषेला खरोखरच चिकटून बसतात.

पण गाठीचा प्लेग उंदरांच्या पिसवा पसरवतात. मॉडेल रोगी माणूस आणि निरोगी माणूस यांच्या गाठीभेटी मोजतं. मुंबईत प्लेग वर्षानुवर्षं थंडीच्या अखेरीस वाढायचा, उन्हाळ्यात ओसरायचा आणि पुढच्या वर्षी परत यायचा. मॉडेलमध्ये तो ओसरतो तो धोक्यातली माणसं कमी झाली म्हणून. खरं तर ऋतू बदलायचा, उंदीर मरायचे. शिवाय मॉडेलमध्ये वस्ती बंद असते. आपल्याकडे तर प्लेगात गावं ओस पडायची आणि माणसं शिवारात झोपड्या घालून राहायची, हे जुन्या माणसांच्या तोंडून सगळ्यांनी ऐकलंय.

मग जुळलं कसं? सूत्रात मोकळे आकडे तीन : उंची, रुंदी आणि शिखराची जागा. एक उंचवटा असलेला कुठलाही आलेख तीन आकड्यांत बऱ्यापैकी बसतो. लागणीचा वेग, बरं होण्याचा वेग आणि सुरुवातीची लोकसंख्या यांच्या कितीतरी वेगवेगळ्या जोड्या हेच तीन आकडे देतात. तेव्हा आलेखावरून उलट जाऊन लागणीचा वेग इतका होता असं म्हणता येत नाही.

वर्गात दोन गोष्टी करून घ्या. पहिल्या १२ आठवड्यांवरच मॉडेल बसवून शिखर कधी येईल ते विचारा. उत्तरं इतकी फाकतील की वेगळं व्याख्यान नको. आणि एकदा साप्ताहिक आकड्यांवर, एकदा त्यांच्या चढत्या बेरजेवर रेषा बसवून बघा. बेरजेवर ती नेहमीच देखणी दिसते, कारण कालची चूक आजच्या बेरजेतही असते. वृत्तपत्रांतल्या आलेखांत ही हातचलाखी सर्रास चालते.

प्रश्न : जांबोटी-कणकुंबी भागातल्या धनेश पक्ष्याच्या १४० नोंदी मोबाइल ॲपवरून गोळा करून अधिवासाचा नकाशा काढला. अचूकतेचा आकडा ०.९३ आला. नकाशात मात्र धनेश चोर्ला घाटाच्या रस्त्यालगतच राहतो असं दिसतं!
— पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : रस्त्यालगत निरीक्षक राहतात. तुमच्या मॉडेलनं त्यांचा अधिवास ०.९३ अचूकतेनं शोधला.

तुलनेसाठीचे बिंदू तुम्ही सगळ्या तालुक्यातून सरसकट उचलले असणार. ते इतर सगळ्या पक्ष्यांच्या नोंदी जिथे झाल्या तिथून उचला, म्हणजे रस्त्याचा झुकाव दोन्ही बाजूंना सारखा पडून कटतो. एका चौरस किलोमीटरला एकच नोंद ठेवा. १४० च्या पन्नासएक उरतील, तेवढंच तुमचं खरं भांडवल. पडताळणीसाठी बिंदू चिठ्ठ्या टाकून निवडू नका. जंगलाचे पट्टे पाडा आणि एक अख्खा पट्टा बाजूला ठेवा. आकडा ०.७ च्या घरात घसरेल. तो छापा.

त्याहून उत्तम म्हणजे वनखात्याची परवानगी काढून ठरलेल्या वाटांवर चाला आणि धनेश दिसला नाही हेही लिहा. एका फेरीत असलेला पक्षी दिसायची शक्यता ०.३ असेल, तर तो असूनही तीन फेऱ्यांत हुकण्याची शक्यता ३४ टक्के, पाच फेऱ्यांत १७. एका फेरीवरून “इथे नाही” लिहिणं म्हणजे दार न ठोठावताच घरात कुणी नाही म्हणणं.

प्रश्न : दहा गल्ल्यांतल्या २०० घरांत घरची भाषा विचारली. मी मराठीत विचारलं तेव्हा ७१ टक्के “मराठी” आलं. माझी कन्नड मैत्रीण त्याच गल्ल्यांत गेली तर बरंच कमी आलं. खरं कुणाचं?
— समाजशास्त्राची विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : दोघींचं. दारात कोण उभं आहे आणि तिनं पहिलं वाक्य कुठल्या भाषेत टाकलं, त्यावर उत्तर हलतं. आपल्या भागात तर हा प्रश्न साधा राहिलेलाच नाही. समोरचा माणूस आधी अंदाज घेतो की हे कशासाठी विचारतायत.

मग विचारणारीलाच प्रयोगात घ्या. कुठल्या घरी कोण जाणार आणि सुरुवात कुठल्या भाषेत करणार, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. प्रत्येकीला शंभर घरं आली तर दोघींच्या आकड्यांत १४ टक्क्यांपर्यंतचा फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो. त्यापुढचा फरक विचारणारीचा.

पण तुमची २०० घरं मुळात २०० नाहीत. एका गल्लीतली घरं एकमेकांसारखी असतात. हे साधर्म्य ०.३ धरलं आणि गल्लीला २० घरं, तर १ + १९ × ०.३ म्हणजे ६.७. २०० ला ६.७ नं भागा, राहिली ३० घरं. त्याऐवजी ४० गल्ल्यांतली पाच-पाच घरं घेतली तर तेवढ्याच पायपिटीत ९० घरांचं मोल येतं.

“घरची भाषा कोणती” हे विचारूच नका. काल रात्री जेवताना आईशी, सकाळी दुकानदाराशी, बसमध्ये कंडक्टरशी, देवापुढे आणि भांडताना कुठली भाषा, असं सुटं सुटं विचारा. एकच माणूस तीन उत्तरं देईल, आणि तिन्ही खरी असतील. भाषेचे अभ्यासक गंपर्झ आणि विल्सन यांनी सांगलीजवळच्या कुपवाडची पाहणी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू वाक्यरचनेत इतक्या जवळ आलेल्या त्यांना आढळल्या की वाक्य शब्दाला शब्द ठेवून पालटता यावं. शब्द मात्र प्रत्येकीचे आपापले. अशा ठिकाणी टक्केवारीचा एकच रकाना फार काही सांगत नाही.

प्रश्न : उसाच्या पानाच्या फोटोवरून तांबेरा ओळखणारं मॉडेल केलं. चाचणीत ९८ टक्के, शेतात सपशेल नापास.
— संगणकशास्त्राचा विद्यार्थी, संकेश्वर

उत्तर : एकाच पानाचे पाच-सहा फोटो काढून काही शिकवायला आणि काही चाचणीला घेतले असणार. वाटणी फोटोंची नको, शेतांची करा. ज्या शेताचा एकही फोटो मॉडेलनं पाहिलेला नाही, तेच चाचणीला. आणि रोगट पानं टेबलावर पांढऱ्या कागदावर, निरोगी पानं फडात, असे फोटो आहेत का बघा. पानावर काळा चौकोन टाकून नुसती पार्श्वभूमी मॉडेलला दाखवा. तरीही ते बरोबर ओळखत असेल तर ते कागद ओळखतंय.

हे सगळं सुधारून रोगट पानांत ९५ टक्के आणि निरोगी पानांतही ९५ टक्के बरोबर आलं, तरी शेतात १००० पानांमागे २० च रोगट असतील तर मॉडेल ६८ पानांवर बोट ठेवेल आणि त्यातली ४९ निरोगी असतील. शेतकऱ्याला औषध मारायला सांगण्याआधी त्या ६८ पानांची खालची बाजू बोटानं पुसून बघायला सांगा. तांबेरा असेल तर बोटाला नारिंगी-तपकिरी पूड लागते.